पाझर तलाव जानेवारीत आटला म्हणजे निकामी झाला का? जरा सविस्तर सांगतो

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बीड जिल्ह्यातलं गाव, ७२ च्या दुष्काळी कामावर झालेला पाझर तलाव, ऑक्टोबरात सांडव्यावरून पाणी जातं आणि जानेवारी संपता संपता तळाला भेगा पडतात, दोन उन्हाळ्यांपूर्वी पोकलेन लावून गाळ काढला तरी पाणी टिकेना, आणि आता गावात ठरतंय की वर्गणी काढून शेततळ्यासारखा प्लास्टिकचा कागद तळाला अंथरायचा. शिवाय तुम्ही विचारलंय की देशात कुठल्याही तलावाचं दुखणं निघालं की सगळे गाळ काढा एवढंच का सांगतात. मी लघुपाटबंधाऱ्यात उभी नोकरी केली, तलाव बांधले, फुटायच्या बेतातले दुरुस्त केले, त्यामुळं जेवढं कळतं तेवढं सांगतो. लांबेल जरा, पण अर्धवट सांगितलं तर तुमच्या ग्रामसभेत त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

सगळ्यात आधी, कागद टाकू नका. कृपा करून टाकू नका. तुमचा तलाव पाणी साठवून ठेवायला बांधलेलाच नाही, तो पाणी जिरवायला बांधलाय. पावसाळ्यात नाल्याचं पाणी अडवायचं, तीन-चार महिन्यांत ते जमिनीत उतरवायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मार्च-एप्रिलपर्यंत आधार द्यायचा, एवढंच त्याचं काम. तो जानेवारीत आटतो म्हणजे बहुतेक तो त्याचं काम करतोय. बहुतेक म्हणतोय, कारण ते तपासायला लागेल, कसं तपासायचं ते पुढं सांगतो.

आधी हिशोब मांडू. तुम्ही लिहिलंय पाणी साधारण ५ हेक्टरवर पसरतं आणि सगळ्यात खोल जागी साडेचार मीटर असतं. सरासरी खोली २ मीटर धरा. १ हेक्टरवर १ मीटर पाणी म्हणजे १० हजार घनमीटर, म्हणजेच १ कोटी लिटर. तर तुमच्या तलावात भरल्यावर १ लाख घनमीटर, १० कोटी लिटर पाणी झालं. आता ऑक्टोबर ते जानेवारी आपल्याकडं दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी ऊन-वाऱ्यानं उडतं, चार महिन्यांत अर्धा-पाऊण मीटर. पण तुमची पातळी तर त्या काळात साडेचार मीटर उतरते, म्हणजे रोजची ४ सेंटिमीटर. बाष्पीभवनाच्या आठपट! बाकीचं पाणी जातंय कुठं? थेट तलावात कुणी मोटारी टाकल्या नसतील (आणि पाझर तलावातून थेट उपसा करायचाच नसतो, हा जुना नियम आहे, तो पाळला जात नसेल तर आधी तिथं बघा) तर ते जमिनीत जातंय. ७० हजार घनमीटर तरी जिरत असणार असं मी धरतो. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, तो वाळूसारखा पाणी धरत नाही, त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात मिळून २ टक्क्यांच्या आसपास पाणी मावतं. त्यामुळं दीडशे हेक्टरच्या पट्ट्यात हे ७० हजार घनमीटर पसरलं तर विहिरींची पातळी सव्वादोन मीटरनं वर येते. कागदावर सव्वादोन मीटर छोटं वाटतं, पण ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत दोन परस पाणी कमी पडतं त्याला विचारा.

आणि कागद टाकला तर काय होईल? जिरणं बंद. मग ते पाणी उन्हात उभं राहणार. फेब्रुवारीपासून ऊन वाढतं, एप्रिल-मे मध्ये दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उडायला लागतं, म्हणजे ऑक्टोबर ते मे मिळून जवळजवळ दीड मीटर. तुमची सरासरी खोलीच २ मीटर! अर्ध्याहून जास्त पाणी आभाळात जाणार आणि खालच्या सगळ्या विहिरी डिसेंबरातच तळ गाठणार. एका गावात मी हे झालेलं बघितलंय, नाव घेत नाही, तिथं कागद नव्हता पण पाणी टिकावं म्हणून तळाला चिकणमातीचा थर दाबून बसवला होता. तलाव मार्चपर्यंत दिसायला छान भरलेला होता, फोटोही निघाले, आणि खालच्या शिवारातल्या मोसंबीच्या बागा टँकरवर आल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याच लोकांनी ती माती उकरून काढली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तलाव बघून, भरलाय की आटलाय एवढ्यावरून, तो बरा की वाईट ते ठरवता येत नाही. त्याचं काम काय हे आधी विचारायचं. देशभर हीच गल्लत होते, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, कारण गाळ काढणं हे एका जातीच्या तलावाला औषध आहे आणि दुसऱ्या जातीच्या तलावाला अपाय.

केंद्र सरकारनं देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना केली, तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात २४ लाख २४ हजार ५४० जलसाठे मोजलेत. यातले ७८ टक्के माणसानं केलेले, निसर्गाचे फक्त २२ टक्के. आणि ज्याला आपण सरोवर म्हणतो ते तर १ टक्कासुद्धा नाहीत, निम्म्याहून जास्त साधी तळी आहेत. एकट्या पश्चिम बंगालात साडेसात लाखांच्या घरात, घराच्या मागं पुकुर म्हणजे तळं, त्यात मासे, त्यात अंघोळ, भांडी, सगळं. बंगालची तळी नदीच्या गाळाच्या सपाट जमिनीत खणलेली, भूजल हाताला लागेल एवढं वर, तिथं तळ्याला पाणी खालून पण येतं. तामिळनाडूत सरोवरं जास्त मोजली गेली, आंध्रात जुने सिंचन तलाव जास्त, आणि महाराष्ट्राचा नंबर पहिला कशात, तर जलसंधारणाच्या कामांत, म्हणजे पाझर तलाव, बंधारे, चेक डॅम. आपल्या राज्याचे ९७ हजारांच्या आसपास जलसाठे आहेत त्यात बहुतेक हेच. हे बघितल्यावर लक्षात येतं की बंगालच्या पुकुराचा उपाय बीडच्या पाझर तलावाला लावून चालणार नाही, पण योजना करताना सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली जाते: किती घनमीटर गाळ काढला.

दक्षिणेचं बघा. तामिळनाडू, कर्नाटकात तलाव एकेकटे नाहीत, साखळीत आहेत. वरचा भरला की सांडव्याचं पाणी कालव्यातून खालच्यात, तो भरला की त्याच्या खालच्यात. बंगळुरूत त्या नाल्यांना राजकालुवे म्हणतात. आता या साखळीत एका तलावातून कितीही गाळ काढा, मधला नाला कुणी बुजवून त्यावर इमारत उभी केली असेल तर खालच्या तलावाला पाणी येणारच नाही, आणि वरच्या वस्तीत पाणी शिरेल ते वेगळंच. आणि जिथं नाला शिल्लक आहे तिथं त्यात पावसाचं पाणी कमी आणि गटाराचं जास्त, त्यामुळं बंगळुरूचा बेळ्ळंदूर तलाव बारा महिने भरलेला असायचा, त्यावर फेस यायचा आणि त्याला आगसुद्धा लागली, २०१७ ला, २०१८ ला. भरलेला तलाव म्हणजे चांगला तलाव असं ज्याला वाटतं त्यानं तेव्हाचा बेळ्ळंदूर आठवावा.

नैसर्गिक सरोवरांचं तर अजून वेगळं. मणिपूरचं लोकटाक, तिथं फुमदी म्हणजे वनस्पती आणि मातीचे तरंगते गालिचे असतात, त्यावरच केइबुल लामजाओचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि संगाई हरीण राहतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरायचं, फुमदी तळाला टेकायच्या, मुळं मातीतून अन्न घ्यायची, पावसाळ्यात परत तरंगायच्या. १९८३ ला वीज प्रकल्पासाठी इथाई बॅरेज झालं, पातळी वर्षभर वरच ठेवली, फुमदी बारा महिने तरंगत राहिल्या, तळाला टेकेनात आणि पातळ होत गेल्या, हरणाचं वजन पेलेना. म्हणजे तिथं पाणी न आटणं हाच रोग झाला. चिलिका उलटं. ओडिशाचं ते खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर समुद्राशी जोडलेलं, मुख गाळानं अरुंद झालं, समुद्राचं पाणी कमी यायला लागलं, मासळी घटली, तणानं भरलं. तिथं सरोवरभर गाळ उपसत बसले नाहीत, सन २००० मध्ये समुद्राकडं नवीन मुख उघडलं, खारेपणा परत आला, मासळी परत आली, आणि २००२ मध्ये धोक्यातल्या रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीतून चिलिका बाहेर निघालं. एका योग्य जागी केलेलं एक काम. मला हे उदाहरण फार आवडतं कारण तिथं आधी विचारलं गेलं की हे पाणी जिवंत कशामुळं राहतं.

आपल्याकडं लोणार आहे. उल्केच्या आघाताचं विवर, खारं आणि क्षारधर्मी पाणी, बाहेर जायला वाट नाही. त्या खारेपणावरच तिथलं सगळं सूक्ष्मजीवांचं जग उभं आहे, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते अशाच मीठ-प्रेमी सूक्ष्मजीवांमुळं. लोणारची पातळी वाढली, गोडं पाणी जास्त मिसळलं, की बघणाऱ्याला बरं वाटतं पण सरोवराचं ते नुकसान असतं. आणि नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर घ्या, गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा, गाळानं भरत गेला, उथळ झाला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांचं माहेर झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं ते हेच. पाटबंधाऱ्याच्या नजरेनं ते गाळानं वाया गेलेलं काम आहे, पक्ष्यांच्या नजरेनं तो गाळच त्यांचं घर आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून तिथं मशीन लावायच्या आधी दहादा विचार करावा लागतो.

आता मोठ्या धरणांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात जायकवाडीचा उल्लेख होता. मराठवाड्यातल्या माणसाला नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं, प्रेम आहे, मलाही आहे, पण आकडे बघा. कोयनेत १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, जायकवाडीत १०२ टीएमसीच्या वर. जवळजवळ सारखंच. पण कोयना सह्याद्रीच्या खोल दरीत, पूर्ण भरल्यावर पाणी पसरतं ११५ चौरस किलोमीटरवर, आणि नाथसागर सपाट मुलखात, तो पसरतो साधारण ३५० चौरस किलोमीटरवर. तेवढंच पाणी, तिप्पट उन्हात! त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. त्यामुळं जायकवाडीतून दरवर्षी नुसतं बाष्पीभवनानं जे जातं ते ऐकून माणूस हबकतो. धरण बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, गोदावरीला तिथं खोल दरीच नाहीये, जागा मिळाली ती अशी. पण मग जायकवाडीचं पाणी मे महिन्यासाठी राखून ठेवायचं का रब्बीत लवकर वापरायचं, हा निर्णय कोयनेसारखा घेता येत नाही, राखून ठेवण्याची किंमत इथं फार जास्त आहे.

उजनीचं पण सांगून टाकतो कारण दर उन्हाळ्यात बातम्यांत "उजनी उणे ४० टक्के" वाचून लोक गोंधळतात. उजनीत एकूण ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराच्या खालचं पाणी, आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या वर. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची, तो संपला की शून्य, आणि त्याखालचं पाणी वापरायला लागले की उणे. म्हणजे उणे ४० टक्क्यांनासुद्धा उजनीत ४० टीएमसीच्या वर पाणी असतं, बऱ्याच धरणांच्या पूर्ण साठ्यापेक्षा जास्त. (१ टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर, २,८३१ कोटी लिटर. हा आकडा पाठ करून ठेवा, कामाला येतो.) पण त्या खालच्या पाण्यातच भीमेतून आलेला गाळ आणि पुणे-पिंपरीकडची घाण बसलेली असते, म्हणून ते पाणी आहे म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

शेततळ्यांवर दोन शब्द, कारण कागदाची कल्पना तिथूनच आली असणार. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरणारं शेततळं चांगलंच. पण आता बागायती पट्ट्यात मोठमोठी, कागद घातलेली, जमिनीच्या वर भराव चढवून केलेली तळी आहेत, त्यांच्यात नाल्याचं पाणी शिरूच शकत नाही एवढी उंच. मग ती भरतात कशानं? बोअर आणि विहिरीच्या मोटारींनी, ऑक्टोबरातच. म्हणजे तुमचा पाझर तलाव ज्या पाण्याला जमिनीत उतरवतो, तेच पाणी कुणीतरी वर काढून उन्हात ठेवतो, आणि शेजाऱ्याच्या विहिरीतलं पण त्यात येतं. बाग वाचवणाऱ्या एकट्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याची लाखोंची बाग असते, पण गाव म्हणून हे परवडत नाही आणि यावर ग्रामसभेत बोललं पाहिजे. हिवरे बाजारनं सिंचनाच्या बोअरवर बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरवलं, तिथलं खरं काम हे आहे, नुसते चर खणणं नाही.

आता गाळ. गाळ काढणं वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. २०१७ पासूनची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना मला मनापासून पटते, कारण त्यात गाळ शेतात जातो, धरणाच्या काठावर ढीग लावून ठेवत नाहीत जो पुढच्या पावसात परत आत येतो. पण कुठं, किती आणि कसा हे महत्त्वाचं. पाझर तलावात तळाला बारीक पोयटा बसला की तो जिरण्याची भोकं बंद करतो, तिथं तो थर काढायचा, मुरूम उघडा करायचा. सिंचनाच्या साठवण तलावात याच्या बरोबर उलट, तिथं तळाचा चिकणमातीचा थर हाच तलावाचा तळ आहे, उत्साहात मुरमापर्यंत खणलं की पुढच्या वर्षी पाणी थांबत नाही. मशीनवाल्याला तासाचे पैसे मिळतात, त्याला कुठं थांबायचं हे कोण सांगणार? माणूस उभा पाहिजे. आणि पाळीच्या पायथ्याजवळ कधीच खणू देऊ नका, मी तरी लहान तलावातसुद्धा १५-२० मीटर सोडायला लावतो, कारण तिथं खड्डा पडला की पाण्याची वाट पाळीखालून सोपी होते.

शेतात टाकायचा तर तोही सगळ्या शेतात नाही. माळरान, मुरमाड, हलकी जमीन असेल तर सोनं. एकरभर चार बोटं म्हणजे १० सेंटिमीटर थर द्यायचा तर ४०० घनमीटर, साधारण १४० ब्रास लागतो, एवढा टाकल्याशिवाय फरक कळत नाही. पण ज्याची जमीन आधीच भारी काळी, पाणी धरून बसणारी, त्यानं गाळ टाकला तर निचरा अजून बिघडतो. आणि माती परीक्षण करा, खारवट गाळ असतो कुठं कुठं.

गाळ काढण्यापेक्षा गाळ येणं थांबवणं स्वस्त, हे प्रत्येक इंजिनिअरला माहीत असतं, पण वरच्या डोंगराला बांध घालण्यात मोठं टेंडर निघत नाही. तुमच्या तलावाचं पाणलोट बघा. वर कुणी डोंगर नांगरलाय का, नाल्यात दगडी बंधारे आहेत का, चराई किती आहे. माथ्यावर काम नसेल तर दोन वर्षांपूर्वी काढलेला गाळ अर्धा तरी परत आला असेल.

इथं विदर्भातल्या मामा तलावांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हे हजारोंनी आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले, नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिकडं सांगतात. उतार हेरून मातीची पार टाकायची, दगडी सांडवा, त्याला सलंग म्हणतात, पाणी सोडायचं तुडूम, खाली धानाच्या बांध्या, आणि पाणी वाटायला गावानं नेमलेला पाणकर. एक तलाव भरला की त्याचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, निस्तार हक्कामुळं (गावाच्या वापराचा जुना हक्क) शेतकऱ्याला पाणी फुकट मिळत राहिलं, पण पारीवर माती टाकायला, तुडूम दुरुस्त करायला मालगुजार लोक जमवायचा ते थांबलं आणि त्या जागी दुसरी व्यवस्था नीट उभी राहिली नाही. मालगुजारी परत यावी असं कुणीच म्हणणार नाही, ती पिळवणूकच होती, पण देखभालीचं काम कुणाकडं हा प्रश्न तिथं आजही उघडा आहे.

या तलावांत गाळ काढायच्या मोहिमा झाल्या तेव्हा अजून एक गोष्ट कळली. मशीननं सरसकट एकसारखा खड्डा केला की काठाची उथळ जागा जाते, पाणवनस्पतींचे कंद आणि बी त्या गाळाबरोबर बाहेर जातं, मग देशी माशांना अंडी घालायला जागा राहत नाही, वर बेशरम नावाची तणवनस्पती माजते. ढिवर या मासेमार समाजाचं पोट त्या माशांवर. गोंदिया-भंडाऱ्याकडं ढिवर बायका आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी मिळून बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला, देशी पाणवनस्पती परत लावल्या, आणि मासे वाढले. इंजिनिअर म्हणून मी घनमीटर मोजायला शिकलो होतो, तलावाच्या तळात काय जिवंत असतं ते या बायकांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, हे मी कुठंही सांगतो.

बरं, आता तुमच्या गावात काय करायचं ते. पहिलं काम फुकटचं आहे. पाणी भरलं की तळात खोल जागी एक पाइप किंवा लोखंडी अँगल रोवा, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि शाळेतल्या पोरांना रोज सकाळी वाचून वहीत लिहायला सांगा. पाऊस नसताना पातळी रोज अर्धा सेंटिमीटरच उतरत असेल तर जिरणं बंद झालंय, नुसतं उडतंय, तळ गाळानं लिंपलाय, तिथं गाळ काढा. रोज तीन-चार सेंटिमीटर उतरत असेल, आणि तुमच्या सांगण्यावरून तसंच दिसतंय, तर पाणी जातंय, मग कुठं जातंय ते शोधा. त्यासाठी खालच्या अंगाच्या एक-दीड किलोमीटरमधल्या दहा-बारा विहिरी निवडा आणि दर पंधरा दिवसांनी पातळी मोजा, सोबत तलावाच्या वरच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी पण घ्या, म्हणजे तुलना होईल. खालच्या विहिरी डिसेंबरात चढत असतील किंवा वरच्यांपेक्षा उशिरा उतरत असतील तर तलाव काम करतोय, त्याला हात लावू नका. खालच्या विहिरींत काहीच फरक नसेल तर पाणी वेगळ्या दिशेला चाललंय, कधी कधी जमिनीत काळ्या खडकाची उभी भिंत, डाइक, आडवी येते आणि पाणी बाजूला वळवते, अशा वेळी भूजल सर्वेक्षण विभागाच्या भूवैज्ञानिकाला बोलवा, तो नकाशा बघून सांगू शकेल.

दुसरं, पाळ तपासा, आणि हे टाळू नका. भरलेला असताना पाळीच्या बाहेरच्या पायथ्यानं पूर्ण चालत जा. थोडी ओल, स्वच्छ पाझर चालतो, मातीच्या पाळीतून थोडं पाणी येणारच. पण येणारं पाणी गढूळ असेल तर ते पाळीची माती आतून घेऊन येतंय, तो धोका आहे, त्याच दिवशी जलसंधारण विभागाला लेखी कळवा आणि खालच्या वस्तीला सांगा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, लोक वाहून गेले, आणि गळतीबद्दल गावकरी आधीपासून बोलत होते. ५० वर्षांच्या वरची तुमची पाळ आहे. तिच्यावर बाभळी वाढल्या असतील तर लहान असतानाच काढा, मोठ्या झाडाचं मूळ कुजलं की आत नळी तयार होते. घुशींची बिळं, खचलेले दगड, पाळ मध्येच खाली बसलीय का, सगळं बघा. आणि सांडव्याची पातळी कुणी विटा रचून वाढवलेली नसावी, जास्त पाणी साठेल म्हणून लोक हे करतात आणि एका मोठ्या पावसात पाळीवरून पाणी जातं, मातीची पाळ त्यात टिकत नाही.

तिसरं, पाणी येतंय किती हेही एकदा काढा. तुमच्या भागात पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला साधारण दहावा हिस्सा वाहून तलावात येतो असं धरा, म्हणजे १०० हेक्टर पाणलोटातून ६० हजार घनमीटर. तुमचं पाणलोट २०० हेक्टर असेल तर सव्वा लाखाच्या आत. १ लाखाचा तलाव आहे, म्हणजे बऱ्या वर्षी भरतो आणि थोडं सांडतं, खोली वाढवून फार काही हाती लागणार नाही कारण येणारं पाणीच तेवढं आहे. वर्गणी जमली असेल तर ती माथ्यावरच्या चर-बांधांना, पाळीच्या दुरुस्तीला आणि तलावातल्या चोरट्या मोटारी बंद करायला वापरा, आणि ज्यांच्या विहिरींना फायदा होतो त्या सगळ्यांनी मिळून ऊस किती लावायचा हे एकदा बसून ठरवा, कारण तलाव कितीही जिरवू दे, दहा मोटारी रात्रंदिवस चालल्या तर विहीर आटणारच.

विहिरींची मापं घेताना एक काळजी घ्या. मोटर चालू असताना किंवा बंद केल्या केल्या घेतलेलं माप खोटं असतं, आदल्या संध्याकाळी मोटर बंद करा, रात्रभर पाणी सावरू द्या आणि सकाळी दोरीला वजन बांधून मोजा, दरवेळी विहिरीच्या एकाच दगडावरून. या हंगामाची वही भरली की मला पाठवा, आकडे बघून पुढचं सांगतो.